पाय मोजणाऱ्या पट्टीचे उशिराचे उत्तर

एका मुलीने पत्र पाठवले होते आणि त्याचे उत्तर गेले नव्हते. पत्र येऊन आता वर्ष होत आले. ते माझ्या मालकांना आले होते, पण त्यातला एक प्रश्न माझ्यासाठी होता आणि त्याचे उत्तर मला ठाऊक होते. ठाऊक असून मी गप्प राहिले. मला बोलता येत नाही हे खरे, तरी आपण काहीतरी करायला हवे होते असे अजूनही वाटत राहते.

मित्रांनो, मी पाय मोजायची एक जुनी लाकडी पट्टी आहे. तुमच्या कंपासपेटीत जी पट्टी असते तिची थोराड बहीण म्हणा. मागच्या टोकाला टाच टेकण्यासाठी ठोकळा, पुढे बोटांपर्यंत सरकत येणारा दुसरा ठोकळा, आणि मधल्या जागेत रेघा व आकडे, एवढेच माझे अंग. माझे सगळे आयुष्य रत्नागिरीच्या बाजारपेठेतल्या एका लहानशा दुकानात, जमिनीपासून चार बोटांवर गेले. त्यामुळे मी जे सांगेन ते खालून पाहिलेले आहे. चेहऱ्यांचे मला फारसे कळत नाही. पायांचे थोडे कळते, असे मी आतापर्यंत समजत होते.

महिपत सुतारांनी मला घडवले. कुणाच्या तरी घरचा देव्हारा करून त्यांच्याकडे फणसाची एक फळी उरली होती. ताजे कापलेले फणसाचे लाकूड पिवळे असते, तशी मी तेव्हा हळदीसारखी पिवळी होते. रंधा मारता मारता महिपत म्हणाले, "ह्या फळीच्या अर्ध्यावर देव बसले नि अर्ध्यावर आता पोरांचे पाय येणार. फळीला काय त्याचं."

फळीला त्याचे काहीतरी वाटत होते, पण मी नवीन होते.

माझ्यावरच्या रेघा माझ्या मालकांनी स्वतः आखल्या. त्यांचे नाव श्रीपती. दुकानात येणारी मुले त्यांना श्रीपतीकाका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणते. रेघा आखायला त्यांना तीन दिवस लागले. एक रेघ मारायची, तिला पोलादी पट्टी लावून पाहायची, मग ती खरवडून पुन्हा मारायची. शेवटी महिपत वैतागले. "पाय मोजायचाय शेट, चंद्रापर्यंतचा रस्ता नाय."

काका हसले आणि त्यांनी आणखी एकदा पोलादी पट्टी लावून पाहिली. त्यांचा स्वभावच तसा होता. एखादी गोष्ट बरोबर झाली आहे यावर त्यांचा पटकन विश्वास बसत नसे.

काकांचे वडील कचेरीत कारकून होते. मुलाने कचेरीत लागावे असे त्यांना वाटे. दुकान उघडले त्या दिवशी ते दारापर्यंत आले, आत आले नाहीत. "लोकांच्या पायाला हात लावायचा धंदा तुला कुणी सुचवला?" त्यांनी विचारले.  लहानपणी काकांनी शाळेची सगळी वर्षे थोरल्या भावाचे बूट वापरून काढली होती. ते बूट चालताना पायातून निघत. हे वडिलांना सांगावे की नाही याचा ते विचार करत राहिले, तोवर वडील निघून गेले होते. उत्तरे काकांना नेहमी उशिराच सापडत. म्हणून बहुधा ते पुस्तके वाचत असावेत. गल्ल्याखाली एक पुस्तक कायम उघडे असे.

दुकानात बोलायचे काम उमाकाकूंचे. उमाकाकू म्हणजे काकांची पत्नी. "अहो, गिऱ्हाईक उभं आहे नि तुम्ही पान काय उलटताय? पळून जातंय का ते पुस्तक?" असे त्या म्हणाल्या की काका खजील होऊन उठत आणि मला काढत.

ती माझी कामाची वर्षे. आमच्याकडे पावसाळाभर मुले प्लास्टिकच्या चपला घालून शाळेत जातात. बुटांची खरी गर्दी गणपती गेल्यावर. मग रोज माझ्यावर तीस-चाळीस पाय येत. मऊ पाय, जांभ्या दगडावर घासून राठ झालेले पाय, शाईचे डाग पडलेले पाय. अंजनवेलहून वीज प्रकल्पात नोकरी करणारे एक गृहस्थ तीन मुलींना घेऊन दरवर्षी मुद्दाम आमच्याकडे येत आणि म्हणत, "माप घ्यावं तर इथेच." काका तेव्हा मान खाली घालत. मी मात्र खुशाल फुशारत असे.

मुलांना माझ्यावर पाय ठेवायला धीर होत नसे, कारण माझ्यावर आकडे आहेत. आकड्याला, अक्षराला पाय लागला की नमस्कार करायचा असे तुम्हाला घरी शिकवतात ना, तसेच त्यांनाही शिकवलेले. पुष्कळ मुले आधी वाकून मला हात लावत, तो कपाळाला लावत आणि मग भीत भीत पाय ठेवत. भीत ठेवलेला पाय पुरता टेकत नाही. तेव्हा उमाकाकू मुलासमोर उभ्या राहत, त्याच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवून दाबत आणि म्हणत, "टेक रे भुईला. असा हवेत काय राहतोस, उडणार आहेस का?" मूल हसे. हसले की पाय सैल पडे, बोटे पसरत, सगळे वजन माझ्यावर येई. तोच त्या पायाचा खरा आकडा.

काकांना वाटे, काकू उगाच मुलांशी गप्पा मारतात. "अगं, मला माप तरी घेऊ दे," ते म्हणत.

"तुम्ही खालचं बघा. वरचं मी बघते."

सहा वर्षांपूर्वी उमाकाकू गेल्या. त्यानंतर दुकान हळूहळू शांत झाले. काही शाळा स्वतःच बूट मागवू लागल्या. इयत्ता पाचवी म्हणजे अमुक नंबर, असे ठरवून खोकी येतात म्हणे. काही घरी मोबाइलवरून बूट येतात. काका एकटेच दुकान उघडत, एकटेच बंद करत. दिवसात एखादे मूल आले तर ते माझ्यावर गप्प उभे राही आणि काका गप्प माप घेत. मुलांशी काय बोलावे हे त्यांना सुचत नसे. खांदे दाबायचे राहून जात आहे हे त्यांच्या लक्षात आले नाही. माझ्या आले होते.

गेल्या वर्षी गणपतीनंतर एका दुपारी वेदिका आली. सावर्ड्याच्या आतल्या बाजूला एका वाडीत ती आजीजवळ राहते, पाचवीत आहे, आई-वडील दोघे मुंबईला नोकरीला, हे सगळे तिच्या आजीने बूट बघायच्या आधी सांगून टाकले. आजीचे नाव चिमा. त्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासायला आल्या होत्या. डोळ्यांत औषध घातले होते, त्यामुळे त्यांना समोरचे धड दिसत नव्हते आणि नातीचा हात त्यांनी सोडला नव्हता.

"भाऊ, पोरीला शाळंचं बूट दाखवा. काळं."

"नंबर किती?" काकांनी विचारले.

"नंबर कुणाला ठावं? हिचा बापूस मुंबयहून आणतो. आमी कागदावर पाय ठेवून रेघ मारून धाडतो. तो येतो तवर पाय वाढंल म्हणून मोठंच आणतो. बूट कसलं, होडी असत्या. मग पुढं पेपर कोंबायचा. हिच्या बुटात जेवढा पेपर आसतो तेवढा आमचा सरपंच वाचीत नाय."

काका हसले. मुलगी हसली नाही. ती अगदी हळू म्हणाली, "आजी, मला मापाचे हवेत."

हे वाक्य ऐकून काकांचे हात जरा जलद चालले. त्यांनी मला काढले, फडक्याने पुसले आणि तिच्यासमोर ठेवले. तिने वाकून मला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि पाय ठेवला. काका छोट्या स्टुलावर बसले आणि त्यांनी तिची टाच हातात धरली.

त्याबरोबर तिची पाचही बोटे आत वळली. लाजाळूच्या झाडाला हात लावला की पाने मिटतात ना, तशी. पांढऱ्या केसांचा म्हातारा माणूस आपल्या पायाशी बसतो आणि पायाला हात लावतो, ही गोष्ट तिला सहन झाली नसावी. ज्यांच्या पाया पडायचे त्यांनीच आपला पाय धरलेला.  तिने पाय मागे घेतला नाही, कारण तेही उद्धट दिसले असते. तिने फक्त बोटे आखडली.

काकांनी ते पाहिले नाही. त्यांचा चष्मा नाकावर घसरला होता आणि डोळे आकड्यांवर होते. त्यांनी पुढचा ठोकळा बोटांपर्यंत सरकवला.

"दोन नंबर," ते म्हणाले.

तीन होता, मित्रांनो. मला तिच्या बोटांची टोके माझ्या लाकडावर रुतलेली कळत होती. तो पाय तीन नंबरचा होता.

"मंग तीन द्या," चिमाआजी म्हणाल्या. "वाढती पोर हाय. दोन साल तरी जायला होवेत."

चाळीस वर्षे काकांनी हे वाक्य ऐकले होते. वाढत्या अंगाचे द्या, वाढत्या मापाचे द्या. दरवेळी त्यांना ते पटत नसे आणि दरवेळी ते मोठा नंबर काढून देत. वाद घालायचे धैर्य त्यांना कधी झाले नाही. पण मापाचे हवेत असे एका मुलीने स्वतःहून म्हटलेले ते पहिल्यांदाच ऐकत होते.

"नको, आजीबाई," ते म्हणाले. "मोठ्या बुटात पाय पुढे-मागे घसरतो. चाल बिघडते. बोटांपुढे जागा धरूनच नंबर सांगतोय. दोनच घ्या."

"तुमी म्हणताव तर."

"मी नाही, पट्टी म्हणते. पट्टी खोटं सांगत नाही."

त्यांनी बूट चढवला, पुढे अंगठ्याने दाबून पाहिले. त्यांचा हात लागताच बोटे आत पुन्हा आखडली आणि पुढे हवी तेवढी जागा लागली. "लागतो का गं?" त्यांनी विचारले.

"नाही," ती म्हणाली. ती दुकानातल्या चटईवर चार पावले चालली. मग तिने विचारले, "पेपर नाही ना घालायचा?"

"नाही."

ती त्याच बुटांनी एसटी स्टँडकडे गेली. काका त्या दिवशी बराच वेळ पुस्तक नुसते उघडे ठेवून बसले. मला वाटते ते सुखात होते.

दिवाळीनंतर बुटांच्या खोक्यावरच्या पत्त्यावर पत्र आले; पाकिटामागे तिच्या वाडीचा पत्ता होता. गिऱ्हाईक नसताना काका मोठ्याने वाचतात, म्हणून मला ते सगळे पाठ आहे.

"प्रति, बुटांच्या दुकानातले आजोबा, रत्नागिरी. विषय : बुटांबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून लिहिते की, आमच्या गुरुजींनी खऱ्या माणसाला खरे पत्र लिहायला सांगितले आहे. वर्गात सगळ्यांनी आपल्या बाबांना लिहिले. मी तुम्हाला लिहीत आहे. तुम्ही दिलेले बूट मला लागतात. पुढे बोटांना दुखते. रक्त येत नाही म्हणून कुणाला दिसत नाही. आजी म्हणते, पट्टीवर मोजून घेतलेत ते लागतील कसे, कवायतीचा कंटाळा आला म्हणून सोंग करतेस. सव्वीस जानेवारीच्या पथकात मी पहिल्या रांगेत आहे. माझे पाऊल चुकते म्हणून गुरुजी मला काढणार आहेत. तुम्ही म्हणाला होता की पट्टी खोटे सांगत नाही. मग माझे पाय खोटे सांगतात का? कृपया पट्टीला पुन्हा एकदा विचारून कळवावे. तुम्ही लिहिले तर आजी ऐकेल. आपली विश्वासू, वेदिका. ता. क. बूट दिसायला छान आहेत."

मला आलेला तो आयुष्यातला पहिला प्रश्न.

काकांनी मला टेबलावर ठेवले आणि पोलादी पट्टी आणली. एकेक रेघ तपासली. चाळीस वर्षांपूर्वी आखताना तपासली होती, तशीच. मी बरोबर होते. पण मी बरोबर निघाले याचा त्यांना आनंद झाला नाही. पट्टी बरोबर, म्हणजे मुलीचे सोंग, असे उत्तर होत होते, आणि ते त्यांना लिहिता येईना. "पेपर नाही ना घालायचा?" असे विचारणारी मुलगी सोंग करणार नाही, असे ते स्वतःशीच म्हणाले. मग चूक झाली असे लिहावे, तर कुठे झाली ते कळेना. त्यांनी दोनदा कागद घेतला. एकदा 'चि. वेदिका हिस' एवढे लिहिले आणि टोपण लावून पेन ठेवून दिले.

चार दिवसांनी त्यांनी पत्र आणि मला एकत्रच टेबलाच्या खणात ठेवले.

मित्रांनो, खणात काही दिसत नाही. कागदाचा वास येतो आणि बाहेरचे ऐकू येते. गिऱ्हाईक आले की काका विचारत, "घरच्या बुटाचा नंबर किती आहे?" त्यात एक मिळवून बूट देत. माझी आठवण कुणी काढली नाही. मला लोकांची हाक ऐकायची सवय नव्हती, पण पायांची होती. माझ्या शेजारी ते पत्र होते आणि आम्हा दोघांनाही बोलता येत नव्हते. मी मनात पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते : बोटे बघा, काका, बोटे.

सव्वीस जानेवारीला आमच्या रस्त्यावरून शाळांची पथके गेली. बुटांचा एकसारखा आवाज आला. त्याच वेळी काकांनी दुकानाचे शटर अर्धे खाली ओढल्याचाही आवाज आला. पथक दूर गेल्यावर ते पुन्हा वर केले.

मग उन्हाळा गेला, पावसाळा गेला. एकेका महिन्याने उत्तर लिहिणे जास्त अवघड होते, हे मी काकांच्या बाजूला राहून शिकले. आधी त्यांना उत्तर माहीत नव्हते म्हणून लिहिता येत नव्हते. नंतर उशीर झाला म्हणून लिहिता येईना. खणातून कधीमधी पेन घेताना त्यांचा हात पत्राला लागे आणि थांबे.

यंदा गणपतीनंतर यज्ञेश आला. तो इथलाच, लहानपणी दरवर्षी माझ्यावर उभा राहिलेला. आता त्याची मुलगी मनस्विनी पहिलीत आहे. तिचा आवाज आधी ऐकू आला. "बाबा, इथे फुगा देतात का?"

"इथे फुगा नाही देत. इथे आजोबा पायाचं गणित करतात," यज्ञेश म्हणाला. "काका, पट्टी कुठंय तुमची?"

"पट्टी आता नाही वापरत," काका म्हणाले. "घरच्या बुटाचा नंबर सांग."

"असं कसं? माझा पाय त्या पट्टीवर वाढला. काकूंनी माझे खांदे इतके दाबलेत की मी त्यामुळेच बुटका राहिलो."

 काकांनी खण उघडला.

उजेडात आल्यावर पहिल्यांदा मला मनस्विनीच्या पायातले पैंजण दिसले. तिने चप्पल काढली, मला नमस्कार केला आणि पाय ठेवला. काका स्टुलावर बसले. त्यांनी तिची टाच धरली मात्र, तिने पाय झटकन ओढून घेतला.

"आजोबा, माझ्या पायाला हात नका लावू."

"अगं, माप घेतायत ते," यज्ञेश म्हणाला.

"नको. मोठ्यांनी लहानांच्या पायाला हात लावला की लहानांचं आयुष्य कमी होतं. आजीनं सांगितलंय. मला अजून खूप जगायचंय."

यज्ञेश हसू लागला. "एवढ्यानं काही होत नाही. ठेव पाय."

तिने पाय ठेवला. काकांनी पुन्हा टाच धरली. या वेळी तिने पाय ओढला नाही. तिने बोटे आखडली, आणि आपण काय करतो आहोत हे लपवावे असे तिला अजून वाटत नव्हते, म्हणून ती खाली बोटांकडे बघत राहिली. ती काय बघते आहे म्हणून काकाही बघू लागले.

पुढचा ठोकळा अकरावर होता; लहान मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि मोठ्या मुलांचे पुन्हा एकपासून सुरू होतात. काकांनी टाचेवरचा हात काढला. बोटे हळूच सुटली आणि ठोकळ्याला ढकलू लागली. काकांनी पुन्हा हात लावला. बोटे मिटली. पुन्हा काढला.

"हे काय चाललंय, आजोबा?" मनस्विनीने विचारले.

काका स्टुलावरून उठले. गुडघे धरत उठले, दोन पावले मागे जाऊन उभे राहिले. "यज्ञेश, तिचे खांदे धर," ते म्हणाले. "जरा दाब. उमा दाबायची तसे." मग मुलीला म्हणाले, "बाळ, तो ठोकळा तूच सरकव. मी हात लावत नाही."

तिने वाकून ठोकळा सरकवला. बारा नंबर भरला, वर थोडी जागा हवीच. यज्ञेश म्हणाला, "बघा, एका मिनिटात एक नंबर वाढली. घरी काय खायला घालतो कुणास ठाऊक."

काका हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. "वेदिका," ते म्हणाले.

"कोण वेदिका?"

"एका पत्राचं उत्तर द्यायचं राहिलंय."

मनस्विनी तेरा नंबरचे बूट घालून गेली. काकांनी दुकानाचे दार ओढून घेतले, खणातून पत्र काढले आणि लिहायला बसले. या वेळी पेनचे टोपण मध्ये लागले नाही. लिहून झाल्यावर त्यांनी सवयीप्रमाणे मोठ्याने वाचले.

"चि. वेदिका हिस अनेक आशीर्वाद. तुझे पत्र येऊन अकरा महिने झाले. तेव्हा मला उत्तर माहीत नव्हते, आणि माहीत नाही असे लिहायची लाज वाटली. तुझे पाय खोटे सांगत नाहीत. पट्टीही खोटे सांगत नाही. चूक माझी आहे. मी तुझा पाय धरला तेव्हा तू संकोचाने बोटे आखडलीस. मी आकडा पाहिला, बोटे पाहिली नाहीत. बूट तुला लहानच होते. तू दुखते म्हणालीस तेव्हा ते दुखतच होते. हे आजीला मोठ्याने वाचून दाखव. त्या तीन नंबर मागत होत्या आणि मी ऐकले नाही, हेही वाच. गुरुजींनाही दाखव. पथकात तुझी जागा गेली असेल तर ती माझ्यामुळे गेली आहे.

"तुझा पाय आता किती झाला असेल हे मला इथे बसून कळणार नाही. म्हणून पट्टी पाठवत आहे. तिच्यावर नीट उभी राहा, पायाला कुणाचा हात लागू देऊ नकोस, मैत्रिणीला खांदे दाबायला सांग. दोन्ही पाय मोज. जो मोठा भरेल त्याचा आकडा मला कळव. बूट मी पाठवीन. पट्टी परत पाठवू नकोस. वर्गातल्या बाकीच्यांचे पायही मोजा. तुमच्याकडे तिला काम राहील. तुझा, श्रीपतीआजोबा."

मी जाणार आहे हे मला असे कळले.

काकांनी माझ्यावरून तेलाचे बोट फिरवले, मला वर्तमानपत्रात गुंडाळले आणि एका रिकाम्या खोक्यात ठेवले. पत्र माझ्यावर ठेवले. मला वाईट वाटले का, तर हो. त्या दुकानात उमाकाकूंचा आवाज ऐकलेले आता काका सोडून कुणी उरणार नव्हते. वेदिका अजून त्या वाडीतच आहे का, की आई-वडिलांकडे मुंबईला गेली, हेही मला माहीत नाही. वर्षभर उत्तराची वाट पाहिलेल्या माणसाला ते उत्तर हवेसे वाटते का, याचीही मला शंका आहे.

मित्रांनो, मला उपदेश करता येत नाही. मी मोजलेल्या पायांपैकी किती पाय असे मिटलेले होते आणि किती मुले ते मिटलेले माप घालून वर्षभर चालली, याचा हिशोब माझ्याकडे नाही. एवढेच सांगते. कुणी तुमचा पाय मोजायला बसले तर लाजू नका, पाय पुरता टेका, बोटे मोकळी सोडा. बूट लागत असेल तर लागतो म्हणा, तो कितीही छान दिसत असला तरी. आणि तुमच्या घरच्या मोठ्या माणसांना माझा निरोप द्या : मूल दुखते म्हणाले की आधी बूट काढून बघा, मग बाकीचे बोला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका खोके घेऊन टपाल कचेरीत गेले. काउंटरवरच्या बाईंनी मला वजनकाट्यावर ठेवले.

"आत काय आहे, आजोबा?"

"लाकडी पट्टी. आणि एका पत्राचं उत्तर."

"साधं पार्सल करू की स्पीड पोस्ट?"

"पत्र येऊन अकरा महिने झालेत."

"मग घाई नाही तुम्हाला."

"आहे," काका म्हणाले. "स्पीड पोस्टच करा."

बाईंनी शिक्का मारला. मी एका पोत्यात जाऊन पडले. काका पायऱ्या उतरून जाताना त्यांची पावले ऐकू आली, एक जड, एक जरा ओढत टाकलेले. चाळीस वर्षांत त्यांचा पाय माझ्यावर कधीच आला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. मग पावले रस्त्याच्या आवाजात मिसळली आणि कुणीतरी पोते उचलले.